बूट दुरुस्तीच्या दुकानासाठी फिनिशिंग मशीन निवडताना

नवा सोल चिकटला, टाच बसली, तरी काम संपलेलं नसतं. सोलची कड अप्परच्या, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाच्या, बाहेर दोन-चार मिलिमीटर डोकावत असते, टाचेचा तुकडा मूळ आकारापेक्षा मोठा असतो, आणि गिऱ्हाईक बूट हातात घेतल्यावर आधी नेमकी तीच कड बघतं. ही जास्तीची कड रापीने उतरवायची, कानशीने सरळ करायची, पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची, मग शाई, मेण आणि ब्रश. हातावर हे काम खूप वेळ खातं. फिनिशिंग मशीन हेच सगळं फिरत्या पट्ट्यांवर, चाकांवर आणि ब्रशांवर काही मिनिटांत करतं.

दुकानातली ही बहुधा सगळ्यात मोठी आणि महागडी वस्तू. एकदा बसवली की हलवणं अवघड, म्हणून घाई करू नका. माझं मत आधीच सांगतो: मशीनवर किती चाकं आहेत यापेक्षा तिची धूळ ओढण्याची ताकद आणि शाफ्टचा, म्हणजे चाकं बसवलेल्या फिरत्या दांड्याचा, सरळपणा आधी बघा. या दोन गोष्टी चांगल्या असतील तर चार चाकांच्या मशीनवरही उत्तम काम होतं. त्या वाईट असतील तर बारा चाकं असूनही उपयोग नाही.

पहिली पायरी: आपल्याकडे काय काम येतं ते लिहून काढा

मशीन बघायला जाण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. आलेल्या प्रत्येक जोडीपुढे काय केलं ते लिहा: बायकांच्या हीलची टिप, पुरुषांच्या बुटाची रबरी टाच, हाफ सोल, पूर्ण सोल, स्पोर्ट्स शूजचा सुटलेला तळ, चामडी सोलची कड. महिन्याच्या शेवटी वहीच सांगेल की तुम्हाला कसलं मशीन हवं.

कारण प्रत्येक काम मशीनकडून वेगळं काही मागतं. हीलची टिप घ्या. उंच, बारीक टाचेचा तुकडा कधी कधी बोटाच्या नखाएवढाच असतो. तो घासायला पट्ट्यामागे कडक आधार लागतो. मऊ स्पंजाच्या रोलरवर तो धरला तर रोलर दबतो, तुकड्याच्या कडा गोल होतात आणि टाच जमिनीवर नीट टेकत नाही. शिवाय रोलर रुंद असेल तर टाचेवर चढवलेलं पातळ चामडं किंवा रंग खरवडला जातो. म्हणून टिपांचं काम जास्त असेल तर कडक आधाराचा, साधारण ४० मिलिमीटर रुंदीचा अरुंद पट्टा असलेलं मशीनच घ्यावं.

चामडी सोलचं काम येत असेल तर गरजा वाढतात. कड आधी कटरने एकसारखी उतरवायची, मग बारीक पट्ट्यावर घासायची, शाई लावायची, मेण चढवायचं आणि शेवटी चाकावर घोटून चमक आणायची. अशी कामं आठवड्याला एखादीच येत असतील तर कटर असलेल्या लांब मशीनमागे धावू नका. कड रापीने उतरवून पट्ट्यावर सारखी केली तरी भागतं. रोज वेल्टचे, म्हणजे अप्पर आणि सोल यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवलेले, बूट येत असतील तर मात्र कटर हवाच, कारण पट्ट्यावर सगळी कड घासत बसलं की वेल्टचे टाके कधी कापले जातात ते कळतही नाही.

स्पोर्ट्स शूजचं काम सगळीकडे वाढतंय. त्यात कड सजवण्यापेक्षा चिकटवण्याआधीची घासणी महत्त्वाची असते. जुना सोल्यूशनचा थर आणि रबराचा गुळगुळीत पापुद्रा निघाला नाही तर कितीही चांगलं सोल्यूशन लावा, तळ पुन्हा सुटणार. इथे लहान व्यासाचं चाक लागतं, जे तळाच्या खोलगट भागात शिरेल. वेगही कमी करता यायला हवा, कारण ईव्हीए या हलक्या प्लॅस्टिकचा फोम जोरात फिरणाऱ्या जाड पट्ट्यावर टेकताक्षणी खड्डा पडतो, आणि तो परत भरता येत नाही.

दुसरी पायरी: मशीनवरचे भाग ओळखा

घासायचे पट्टे दोन प्रकारे बसवलेले असतात. एका प्रकारात पट्टा दोन रोलरांवर ताणलेला असतो, एक खाली किंवा मागे, एक समोर. दुसऱ्यात छोटा गोल पट्टा थेट रबरी ढोलावर बाहीसारखा चढवलेला असतो. लांब पट्टा फिरून परत येईपर्यंत थंड होतो, त्याच्यावर दाणेही जास्त असतात, म्हणून तो जास्त टिकतो. ढोलावरचा पट्टा लवकर तापतो आणि झिजतो, पण बदलायला सोपा आणि जागा कमी घेणारा. रबराचं काम जास्त असलेल्या दुकानाला मी लांब पट्ट्याचंच मशीन सुचवेन.

पट्ट्यामागच्या रोलरचा कडकपणा विचारून घ्या. कडक रबर टाचेसाठी, मध्यम रबर सोलच्या कडेसाठी, मऊ रोलर वळणदार कडेसाठी. चांगल्या मशीनवर यातले निदान दोन असतात. रोलर मध्यभागी किंचित फुगीर असतो. तो दोष नाही, पट्टा बाजूला सरकू नये म्हणून मुद्दाम तसा घडवलेला असतो. वापरून वापरून हा फुगवटा सपाट झाला की पट्टा कडेला पळायला लागतो.

टाच आणि पंजा यांच्यामधला कमानीचा भाग घासायला भुईछत्रीच्या आकाराचं छोटं डोकं असतं. मोठा रोलर तिथे पोचतच नाही. पूर्ण सोलची कामं करणार असाल तर हे डोकं हवं. कड घोटायची चाकं, शाई बसवायचा ब्रश, मेणाचा ब्रश आणि शेवटच्या चमकेचा घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश हे बाकीचे भाग. काळ्या आणि तपकिरी रंगाला वेगळे ब्रश लागतात, नाहीतर तपकिरी बुटावर काळी झाक उतरते. त्यामुळे ब्रशांसाठी शाफ्टवर किमान दोन जागा रिकाम्या आहेत ना, ते मोजा.

तिसरी पायरी: वेगाचं गणित करून बघा

विकणारा माणूस मोटरचे फेरे सांगतो, पण बुटाला जाणवतो तो पट्ट्याचा वेग. तो काढणं सोपं आहे: रोलरचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला ३.१४ ने गुणा, मग मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि ६० ने भागा. १०० मिलिमीटरचा रोलर मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल तर पट्टा सेकंदाला साधारण साडेसात मीटर धावतो. तोच रोलर २,८८० फेऱ्यांवर असेल तर पंधरा मीटर. १,४४० फेऱ्यांवर २०० मिलिमीटरचं चाक लावलं तरी पंधराच मीटर. म्हणजे फक्त फेरे ऐकून काहीच कळत नाही, व्यास विचारायलाच हवा.

जास्त वेग म्हणजे जास्त काम, असं नवख्याला वाटतं. चामड्याच्या बाबतीत काही अंशी ते खरं आहे. पीयूच्या, म्हणजे पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकच्या, टाचेवर मात्र वेगळंच घडतं. वेगवान पट्ट्यावर तुकडा दाबून धरला की आधी तिखट वास येतो, मग घासलेली जागा काचेसारखी चमकायला लागते आणि कडेला वितळलेल्या मालाची बारीक झालर लोंबते. ती झालर रापीने कापावी लागते आणि चमकलेल्या जागेवर शाई धरत नाही. तोच वितळलेला माल पट्ट्याच्या दाण्यांमध्ये भरून पट्टा बोथट करतो. क्रेप रबर तर त्याहून हट्टी, ते पट्ट्याला चिकटतं. त्याला जाड दाणा, कमी वेग आणि हलका हात लागतो.

माझा अनुभव असा की रबर आणि पीयूसाठी सेकंदाला आठ ते बारा मीटरचा पट्टा सोयीचा पडतो. चामड्याला त्याहून जास्त चालतो. ब्रश हळू फिरलेला बरा, म्हणजे मेण उडून न जाता कडेवर बसतं. दोन वेगांचं किंवा वेग बदलता येणारं मशीन परवडत असेल तर ते घ्या. या एका सोयीसाठी मी दोन चाकं कमी असलेलं मशीनही पत्करेन.

चौथी पायरी: धूळ

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

चामड्याची धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, चामड्याची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. त्यात रबर, पीयू, जुनं सोल्यूशन आणि शाईचे कण मिसळतात. जमिनीवर पडलेला जाड भुसा दिसतो म्हणून आपण तो झाडतो. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहते. या मशीनपुढे तुम्ही वर्षानुवर्षं उभे राहणार आहात, म्हणून धूळ ओढणारी यंत्रणा मशीनचा भागच समजा, नंतर कधीतरी जोडायची वस्तू नव्हे.

बघायचं काय? पहिलं, प्रत्येक पट्ट्याला आणि चाकाला स्वतःची टोपी म्हणजे हूड आहे का, आणि ती कामाच्या जागेला किती जवळून वेढते. पट्ट्याची समोरची बाजू वरून खाली धावायला हवी, म्हणजे भुसा खालच्या हूडच्या तोंडात जातो. उलटी धावत असेल तर सगळा भुसा तोंडावर येतो. दुसरं, नळीचा व्यास आणि पंख्याची ताकद. कोरडी धूळ नळीत खाली न बसता वाहत राहायची तर हवेचा वेग सेकंदाला १८ ते २० मीटर लागतो. १०० मिलिमीटरच्या नळीत वीस मीटरचा वेग म्हणजे तासाला साधारण ५६५ घनमीटर हवा. दोन तोंडं एकाच वेळी उघडी ठेवायची तर अकराशेच्या वर. पंख्याच्या पाटीवरचा आकडा बहुधा नळी आणि पिशवी न जोडता मोजलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात तो बराच कमी मिळतो. प्रत्येक तोंडाला झडप असेल आणि नको ती तोंडं बंद करता येत असतील तर छोटा पंखाही चांगलं काम करतो.

तिसरं, धूळ शेवटी जाते कुठे. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ चाळली जाऊन परत दुकानातच येते. पिशवीच्या बाहेरच्या अंगावर आणि जवळच्या भिंतीवर बोट फिरवून बघा, पिठासारखा थर लागला तर ती पिशवी फक्त भुसा अडवतेय. घडीचं कार्ट्रिज फिल्टर असलेलं मशीन यापेक्षा बरंच चांगलं. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जोडून भागवू असा विचार करू नका. त्याची ओढ जोरदार असते, पण हवेचं प्रमाण इतकं कमी की हूडच्या रुंद तोंडापाशी काहीच जाणवत नाही.

एक सोपी तपासणी सांगतो. दुकानातले दिवे बंद करायला सांगा, मशीन चालू करा आणि कोणाला तरी काळं रबर घासायला लावा. तुम्ही बाजूला उभे राहा आणि समोरच्या बाजूने प्रखर टॉर्चचा झोत पट्ट्याजवळून असा सोडा की तो जवळपास तुमच्या दिशेने येईल, फक्त थेट डोळ्यांत जाणार नाही. एरवी न दिसणारी धूळ त्या उजेडात चमकते. ती हूडकडे वळतेय की घासणाऱ्याच्या नाकाकडे, हे स्वच्छ दिसतं. विकणारा यासाठी तयार नसेल तर मी पुढचं बोलणंच करणार नाही.

ओढ चांगली असली तरी मास्क लागतोच. एफएफपी२ किंवा एन९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

आणि आग. जुन्या टाचेतला खिळा किंवा सोलमधली पोलादी पट्टी पट्ट्याला लागली की ठिणगी उडते. ती ओढली जाऊन पिशवीतल्या कोरड्या भुश्यात पडली तर लगेच काही होत नाही. भुसा आतल्या आत धुमसत राहतो आणि दुकान बंद झाल्यावर पेटतो. म्हणून पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करता येईल अशी सोपी जोडणी असलेलं मशीन निवडा आणि भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, दुकानाबाहेर ठेवा. नळ्या पत्र्याच्या आणि अर्थिंग केलेल्या असाव्यात, प्लॅस्टिकच्या नळीत धुळीच्या घर्षणाने स्थिर वीज साठते. सोल्यूशनचा डबा मशीनजवळ कधीच नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटते, आणि मशीनची मोटर बहुतेक वेळा खालीच असते.

पाचवी पायरी: वीज

दुकानात सिंगल फेज आहे की थ्री फेज, हे मशीन पसंत करण्याआधी बघा. दोन हॉर्सपॉवरची, म्हणजे दीड किलोवॅटची मोटर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालताना साधारण दहा अँपिअर घेते, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या पाच-सहा पट असतो. पंख्याची मोटर वेगळी असेल तर तिचाही भार धरा. दोन्ही मोटरी एकाच क्षणी सुरू न करता आधी पंखा, मग शाफ्ट, अशी मांडणी उत्तम. त्याने धूळही पहिल्या सेकंदापासून ओढली जाते.

चांगलं जुनं मशीन थ्री फेजचं निघालं आणि तुमच्याकडे सिंगल फेज असेल तर व्हीएफडी नावाचा, विजेची वारंवारता बदलणारा ड्राइव्ह लावून ते चालवता येतं. मोटरच्या पाटीवर २३०/४०० असं लिहिलेलं असेल तर ती डेल्टा जोडणीत २३० व्होल्टवर चालते. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ड्राइव्हचा मोठा फायदा असा की वेगही मनासारखा बदलता येतो. परदेशातून आलेलं ६० हर्ट्झचं मशीन ५० हर्ट्झवर चालवलं तर वेग सहाव्या हिश्श्याने घटतो आणि मोटर जास्त तापू शकते, तेव्हा पाटी वाचूनच पुढे जा.

आणखी एक गोष्ट आग्रहाने मागा: वीज जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही असा स्विच, आणि हाताच्या टप्प्यात मोठं लाल बटण.

सहावी पायरी: जागा आणि उंची

मशीनची लांबी मोजून जागा ठरवू नका, बूट फिरवायला लागणारी जागाही धरा. गुडघ्यापर्यंतचा बूट टाचेकडून घासताना त्याची नळी बाजूच्या चाकाला अडते का, हे बघायला तसा एक बूट सोबत घेऊन जा. आखूड मशीनांमध्ये चाकं इतकी जवळजवळ असतात की मोठ्या मापाचा बूट वळवताच अप्पर शेजारच्या पट्ट्याला लागतं. एका क्षणात चामड्याला चरा पडतो आणि मग ती जोडी भरून द्यायची वेळ येते.

कामाची उंची कोपराच्या आसपास असावी. खाली असेल तर दिवसभर वाकून पाठ धरते, वर असेल तर खांदे. बैठं मशीन घेऊन मजबूत टेबलावर बसवलं तर उंची आपल्या मापाने ठेवता येते, हा त्याचा खरा फायदा आहे. उभी, लांब मशीनं काहीशे किलोंची असतात. दुकानाचं दार, पायऱ्या आणि वरच्या मजल्याची फरशी यांचा विचार आधी करा.

सातवी पायरी: जुनं मशीन तपासणं

नव्यासाठी पैसे कमी पडत असतील तर जुनं घ्यायला काही हरकत नाही. या मशीनांचे बिडाचे सांगाडे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. झिजतात ती बेअरिंगं, रोलर, पुल्या आणि पंखा. लांबचलांब फिनिशरवर नाव कमावलेल्या अमेरिकेतल्या लँडिस किंवा जर्मनीतल्या हार्डोसारख्या कंपन्यांचं जुनं मशीन मिळालं तरी नाव बघून भुलू नका, शाफ्ट बघा.

वीज बंद ठेवून, प्लग काढून सुरुवात करा. व्ही-बेल्ट सैल करून शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. तो लोण्यासारखा फिरायला हवा, मध्ये अडला किंवा खरखर हाताला जाणवली तर बेअरिंग गेलं. मग शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. थोडासाही खटका लागला तर एक तर बेअरिंग झिजलंय किंवा ते जिथे बसतं ती शाफ्टची जागाच झिजलीय. पहिली दुरुस्ती सोपी आहे, दुसरीला शाफ्ट लेथवर न्यावा लागतो. बेअरिंगवरचा नंबर वाचा. ६२०५, ६२०६ असे नेहमीचे नंबर असतील तर निश्चिंत राहा, ती कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. ६२०५ म्हणजे आत २५, बाहेर ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. मोजूनही खात्री करता येते.

आता मशीन चालू करून वीसेक मिनिटं तसंच चालू द्या. या वेळात हूडवर एक नाणं उभं करून बघा. चांगल्या तोलाच्या मशीनवर ते उभं राहतं, थरथरणाऱ्या मशीनवर क्षणात पडतं. बंद केल्यावर शाफ्ट थांबेपर्यंत कान देऊन ऐका. मोटरचा आवाज गेल्यावर बेअरिंगचा खरा आवाज कळतो. पूर्ण थांबल्यावर बेअरिंगच्या डब्यांना हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर गडबड आहे. ब्रश बसवायच्या टोकांचे आटेही बघा. डाव्या टोकाचे आटे उलटे असणं बरोबर आहे, फिरताना नट सैल होऊ नये म्हणून ते तसे असतात. कोणी जोर लावून ते झिजवले असतील तर ती जागा निकामी झाली.

पट्टा चालू असताना मध्यभागी राहतो का, आणि सरकलाच तर तो जागेवर आणणारा स्क्रू काम करतो का, तेही बघा. मशीन नाकारायला सगळ्यात साधं कारण मात्र वेगळंच असतं: त्याच्या मापाचा पट्टा मिळत नाही. पट्ट्याची लांबी-रुंदी लिहून घ्या, तुम्ही जिथून माल घेता तिथे विचारा आणि मगच बयाणा द्या.

आठवी पायरी: आपल्या मालावर चालवून बघा

विकणाऱ्याच्या दाखवायच्या चकचकीत तुकड्यांवर विश्वास ठेवू नका. पिशवीत पीयूच्या दोन टिपा, रबरी टाच चिकटवलेला जुना बूट, चामडी सोलचा तुकडा आणि स्पोर्ट्स शूजचा तळ घेऊन जा. स्वतःच्या हाताने घासा. डोळ्यांना गॉगल हवाच. हातमोजे मात्र फिरत्या शाफ्टजवळ नकोत, सैल बाह्या आणि गळ्यातलं काही लोंबतं ठेवू नका, लांब केस बांधा. फिरतं चाक कापड पकडतं तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

टाच घासल्यावर ती सपाट फरशीवर ठेवून बघा, डुलते का. कडेवरून नख फिरवा, लाटा लागतात का. लाटा लागत असतील आणि तुमचा हात स्थिर असेल, तर रोलर वाकडा आहे.

मशीन बसवल्यावर

थ्री फेज असेल तर पहिल्यांदा चालू करताना फिरण्याची दिशा तपासा. दोन वायरींची अदलाबदल झाली की शाफ्ट उलटा फिरतो, ते लगेच दिसतं. पंखा उलटा फिरत असेल तर मात्र लक्षातही येत नाही, कारण असा पंखा उलटा फिरूनही हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त बरीच कमी. ‘मशीनची ओढ कमी आहे’ अशी तक्रार करण्याआधी हे नक्की पाहा.

पट्टे सुरुवातीला मोजकेच घ्या. टाचेला आकार द्यायला २४ ते ४० नंबरचा जाड दाणा, कडेला ६० किंवा ८०, शेवटच्या हाताला १०० ते १२०, आणि चामड्याची कड घोटण्याआधी १५० किंवा त्याहून बारीक. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. रबरासाठी विरळ दाण्यांचा पट्टा मागा, दाट दाण्यांचा लवकर भरतो. सिलिकॉन कार्बाइडचा काळा पट्टा धारदार असतो, रबर आणि चामड्याला तो छान चालतो. काही पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बाण छापलेला असतो, त्या दिशेनेच चढवायचा, नाहीतर सांधा उखडतो. पट्टे उन्हात किंवा ओलसर भिंतीला टांगून ठेवू नका, ते आखडतात आणि रोलरवर नीट बसत नाहीत.

पट्टा भरला की फेकण्याआधी पट्टा साफ करायच्या रबरी वडीचा तुकडा चालू पट्ट्यावर हलकेच धरा. दाण्यांत अडकलेलं रबर त्या वडीला चिकटून निघून येतं आणि पट्टा पुन्हा कापायला लागतो. मशीनबरोबरच अशा दोन वड्या घेऊन ठेवा आणि एक पट्ट्याशेजारी, हात पोचेल अशा जागी दोरीने बांधा.